भाऊजींचं पाणी

ताईंना काळजी करायला कारण लागत नसे. फोन वाजला तरी काळजी, नाही वाजला तरी काळजी. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिने फोनवर नुसतं नाक ओढलं तरी इकडे ताईंची भूक जायची. पण त्या सकाळी कारण होतं, आणि चांगलं ढळढळीत होतं. मागच्या न्हाणीघरात पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या खाली पाण्याचं तळं झालं होतं आणि मशिनच्या मानेतून थेंब थेंब गळतच होतं.

दुसऱ्या कुठल्याही घरात हे पाहून बाई म्हणाली असती, "गळतंय वाटतं," आणि खाली बादली लावली असती. ताईंनी बादली लावलीच, पण मग त्या तिथेच उलट्या ठेवलेल्या टबावर बसून राहिल्या. मशिन आज ना उद्या जाणार हे त्यांना माहीत होतं. पण त्याने एवढ्यात जाऊ नये, निदान आपण नवऱ्याशी एकदा बोलेपर्यंत तरी जाऊ नये, असं त्यांना फार वाटत होतं. बोलायचं मात्र त्या गेले तीन महिने पुढे ढकलत होत्या.

ताईंचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. भिंतभर आरसा, दोन खुर्च्या, मान टेकायला खाच असलेलं बेसिन आणि खिडकीत कायम सुकत पडलेले टॉवेल. त्या अख्ख्या गल्लीच्या ताई होत्या, म्हणून त्यांचे यजमान आपोआप अख्ख्या गल्लीचे भाऊजी झाले होते. सत्तरी उलटलेल्या आजीबाईसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणत, आणि भाऊजी तेवढ्यानेही लाजत. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतला, पण सॉफ्टनर त्याच्याही कितीतरी आधीपासून त्यांचा होता.

त्याची गोष्ट अशी. पार्लर नवीन होतं तेव्हा ताईंचे हात फार वाईट झाले होते. तिथलं पाणी भयंकर जड. साबणाला फेस येत नसे, किटलीत पांढरा थर बसे, आणि दिवसभर तेच पाणी, तोच शाम्पू, तोच डाय हातांवर. बोटांच्या पेरांवर चिरा पडत, चिरांतून रक्त येई. एका संध्याकाळी ताई बेसिनच्या कडेला बसून रडल्या आणि म्हणाल्या, आता बंदच करते हे.  भाऊजींना बोलायला वेळेवर काही सुचत नसे. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता टेम्पोतून एक मशिन उतरवलं. एक उंच, सडपातळ टाकी आणि तिच्या शेजारी एक बुटका, पोट सुटलेला डबा. उंच टाकीत मोहरीएवढे पिवळे दाणे. ते पाण्यातला क्षार धरून ठेवत. बुटक्या डब्यात मीठ. दर थोड्या दिवसांनी मशिन आपलं आपण घरघरायला लागे, मिठाच्या पाण्याने ते दाणे धुऊन काढी आणि घाण पाणी गटारात सोडून देई. माणसाने फक्त मीठ संपू द्यायचं नाही, एवढंच काम.

काही महिन्यांत ताईंचे हात भरून आले. त्या दिवसापासून घरात एक वाटणी ठरून गेली: हात ताईंचे, पाणी भाऊजींचं. मिठाची गोणी खांद्यावर घेऊन पार्लरमधून मागे जाताना ते मुद्दाम सावकाश जात. कुणी विचारलंच तर म्हणत, "केस ती कापते हो, पण मऊ मी करतो." बायका हसत, ताई हसत, आणि भाऊजींची छाती दोन बोटं पुढे येई. मशिनला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांचा सख्खा भाचा नळ बसवायची कामं करायचा, गल्लीतले अर्धे नळ त्याच्या हातचे, पण त्यालाही त्यांनी कधी ते उघडू दिलं नाही. "चालू गाडीचं बॉनेट उघडायचं नसतं," असं ते म्हणत.

आणि आता ताईंची ती न बोललेली गोष्ट. गेली काही वर्षं त्यांचे हात पुन्हा बिघडत चालले होते. आधी नुसता कोरडेपणा, मग खाज, मग पुन्हा त्याच जुन्या जागी चिरा. पहिल्यांदा त्यांनी शाम्पू बनवणाऱ्यांना दोष दिला, हल्ली फेसच येत नाही मेल्याला, पातळ करतात. मग डायला दिला, मग वयाला. पाण्याला मात्र कधीच दिला नाही, कारण पाणी भाऊजींचं होतं, आणि नळ तर आरशासारखे लखलखत होते. त्यांनी हातमोजे घातले. गिऱ्हाइकांना वाटलं, ताई फार स्वच्छतेच्या. भाऊजींनाही तेच वाटलं, कौतुकही वाटलं. घरात त्या झग्याच्या खिशात हात घालून वावरत, आणि जेवताना भाऊजी चष्मा लावत नसत. "हात कोरडे पडतात हल्ली जरा," एवढंच त्यांनी सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं; फक्त फार थोडं होतं.

रंगाच्या ट्यूबा आणायला जाते असं सांगून त्या एकदा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. बाईंनी हात उलटसुलट पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "घरचं पाणी जड आहे का?"

"छे हो!" ताई जवळजवळ रागावल्या. "आमच्याकडे सॉफ्टनर आहे. कितीतरी वर्षांपासून. आमचे हे त्याच्याकडे पोटच्या पोरासारखं बघतात."

"मग पाण्याचा प्रश्नच मिटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे हे तुमच्या कामाचंच आहे. तुमच्या हातांना आता ते सोसत नाही. काम थांबवा. निदान वर्षभर तरी. नाहीतर मी नुसती मलमं बदलत बसेन."

वर्षभर पार्लर बंद म्हणजे कायमचं बंद, हे कळायला डॉक्टर व्हायला नको. गल्लीच्या टोकाला दोन नवीन पार्लरं झाली होती, काचेच्या दारांची. ताईंचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. इतकं मऊ पाणी असूनही हात टिकले नाहीत, म्हणजे खोट हातांतच. आणि हात गेले म्हणजे आपण काय उरलो, हा विचार त्या भाजी चिरताना करत, टॉवेल घडी घालताना करत, आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलतानाही करत. नवऱ्याला सांगायचं कसं? त्याने आपल्या हातांसाठी आणलेलं ते मशिन, त्याच्या खांद्यावरच्या त्या गोण्या. 'तुमच्या पाण्याचा काही उपयोग झाला नाही' असंच ते ऐकू जाणार. शाळा उघडण्याआधीची पोरांची गर्दी एकदा संपू दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. गर्दी संपली. त्या बोलल्या नाहीत.

त्यात भाऊजींचीही त्यांना वेगळी काळजी लागून राहिली होती. गेली काही वर्षं ते पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी ताईंच्या आधी उठून न्हाणीघरात जात आणि आतून कडी लावून बराच वेळ बसत. बाहेर आले की आत व्हिनेगरचा वास. विचारलं तर म्हणत, "पायाची बोटं भिजवतो. ड्रायव्हरचे पाय आहेत, काय सांगू तुला." ताईंनी चोरून त्यांचे पाय पाहिले होते. पाय ठणठणीत दिसत होते, पण ताईंचं समाधान थोडंच होणार! आतून काही असेल, असं त्यांनी धरून ठेवलं.

तर त्या सकाळी मशिन गळायला लागलं. ताई न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत भाऊजींनी भाच्याला फोन करून टाकलासुद्धा होता.

"नवीनच घेऊन ये म्हटलं," ते पावाला लोणी लावत म्हणाले. "याचं वय झालं. उद्या सकाळी बसवून देतो म्हणाला."

"उद्या?" ताईंच्या हातातला कप बशीवर वाजला. "एवढी काय घाई आहे? दुरुस्त नाही का होणार?"

"दुरुस्त कशाला? बसचं इंजिन गेलं की आम्ही दुरुस्त करत बसायचो आणि मग घाटात... जाऊ दे. नवीन घेऊ."

"अहो, पण मी काय म्हणते..." ताई थांबल्या. खिशातल्या हाताची मूठ त्यांनी इतकी घट्ट आवळली की पेरावरची चीर उघडलेली त्यांना कळली.

"बोल ना."

"मला वाटतं, आपल्याला आता त्याची तेवढी गरज..."

"गरज नाही कशी?" भाऊजी हसले. "पहिलं तरी कशासाठी आणलं होतं? तुझ्या हातांसाठीच ना? मग? हात आहेत तोवर मशिन पाहिजे." आणि त्यांनी पावाचा तुकडा ताईंच्या बशीत ठेवला.  ताईंनी पाव खाल्ला. 

दुपारी मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, पण पार्लरच्या खुर्चीतही त्या वर्गात बसल्यासारख्या ताठ बसत. त्यांचे केस ताईच धूत, ताईच कापत. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे.

"तुमच्या हाताखाली डोकं दिलं ना ताई, की मला दोन मिनिटं डुलकी लागते," त्या डोळे मिटत म्हणाल्या. "मुलाच्या घरी गाद्या एवढ्या महागाच्या, तिथे नाही लागत."

ताईंनी कात्री उचलली. उजव्या अंगठ्याचं पेर ठणकत होतं. हातमोज्यात काहीतरी ओलं लागत होतं. पाणी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कानामागची बट कापताना अंगठा मिटेना. कात्री अर्धवट उघडी राहिली आणि तिचं टोक मास्तरीणबाईंच्या कानाच्या पाळीजवळून निसटून गेलं, अगदी केसाच्या अंतराने. मास्तरीणबाईंची डुलकी मोडली नाही. ताईंनी मात्र कात्री क्षणभर दूर धरली. आज वाचलो. उद्या कुणाचा कान कापला जाईल. पोराचा असेल तर? पोरं हलतात.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दार लोटून हातमोजा उलटा केला. आत लाल डाग होता. त्यांनी तो टिपला, मलम लावलं, दुसरा मोजा चढवला आणि ठरवलं की आज रात्री जेवताना सांगायचंच, काय व्हायचं ते होऊ दे. जेवताना भाऊजी नव्या मशिनबद्दल इतके भरभरून बोलले, त्याला घड्याळ आहे, ते वापर बघून आपलं आपण मीठ मोजून घेतं, असं आणि तसं, की ताईंनी नुसती मान हलवली. आपण भित्र्या आहोत हे त्यांना नवीन नव्हतं. पण इतक्या भित्र्या आहोत याची त्यांना त्या दिवशी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आला. त्याला घरात सगळे वायसर म्हणत, कारण नळ गळो, पंप बिघडो की भिंतीला ओल येवो, त्याचं पहिलं निदान ठरलेलं असे: "वायसर गेलाय." त्याने नवीन मशिनचं खोकं पार्लरमधून ओढत मागे नेलं. गिऱ्हाइकांना ताईंनी आज दुपारनंतर यायला सांगितलं होतं. खोकं बेसिनपाशी एकदा अडलं, तेव्हा ताई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे थांब जरा, उघडू नकोस ते. नाही उघडलं तर दुकानदार परत घेतो ना?"

"परत कशाला मामी?"

"नाही, आपलं विचारलं."

"मामी, तू काळजी करू नकोस. तासाभरात पाणी सुरू करून देतो." भाच्याने खोक्याची पट्टी टर्रकन फाडली. ताईंना ती आपल्याच अंगावरून काही फाटल्यासारखी वाटली.

भाऊजी न्हाणीघरात आधीच हजर होते, बाह्या सरसावून. वायसरने मोठा कॉक बंद केला, जुन्या मशिनचं डोकं फिरवून मोकळं केलं, टाकीत नळी घालून आतलं पाणी उपसून टाकलं. मग तो वाकला, दोन्ही हातांनी टाकीला मिठी मारली, म्हणाला, "मामा, बाजूला व्हा, आत दाण्यांचं वजन फार असतं, कंबर धरते," आणि दात आवळून त्याने असा काही हिसका दिला की टाकीसकट मागच्या मागे जाऊन भिंतीवर आदळला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. वायसर टाकी छातीशी धरून बसला होता, लहान मूल घ्यावं तशी.

"लागलं का रे?" भाऊजी धावले.

"लागलं नाही मामा. पण ह्यात काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

वायसरने टाकी उलटी केली. फरशीवर थोडा तपकिरी चिखल पडला आणि त्यात ओंजळभर दाणे. त्याने टाकीच्या डोक्यात बोट घालून पाहिलं. "वरची जाळी फाटली आहे. मशिन दाणे धुतं ना, तेव्हा पाणी खालून वर जातं. जाळी नसली की दरवेळी थोडे थोडे दाणे त्याच्याबरोबर गटारात. गेले सगळे. एकदम नाही, हळूहळू. वर्षानुवर्षं."

"असं कसं होईल?" भाऊजींचा आवाज चढला. "मीठ खात होतं ते! गेल्याच आठवड्यात मी गोणी ओतली आहे. वेळच्या वेळी घरघरायचं."

"मीठ काय, तुम्ही घालत होता, ते खात होतं. पाणी मिठातून जायचं आणि सरळ गटारात. धुवायला आत दाणे पाहिजेत ना? मामा, तुम्ही इतकी वर्षं नुसतं गटाराला मीठ घालत होता." वायसर हसला. हसायला नको होतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि तो जाळी निरखून पाहायला लागला.

ताई दारात उभ्या होत्या. त्यांना आधी काहीच समजलं नाही, आणि मग सगळं एकदम समजलं. म्हणजे पाणी मऊ नव्हतं. म्हणजे डॉक्टरीणबाईंना आपण जे ठणकावून सांगितलं ते खोटं होतं. म्हणजे हात... कदाचित हातांची खोट नव्हती. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी चौकट धरली. आनंद जेमतेम एक श्वासभर टिकला. त्याच्या पाठोपाठ राग आला, आणि तो ताईंना एवढा कधी आलाच नव्हता.

"पण नळ?" त्या म्हणाल्या. "पाणी जड होतं तर नळांवर पांढरे डाग का नव्हते? शॉवर का नाही तुंबला? मी रोज बघत होते! नळ बघून तर मी..."

भाऊजी फरशीवरच्या दाण्यांकडे बघत होते.

"अहो, मी तुम्हाला विचारते आहे."

"मी घासायचो," ते म्हणाले.

"काय?"

"डाग पडायला लागले होते. बरीच वर्षं झाली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मीठ कमी पडतंय, वेळ चुकते आहे. मग मी मीठ वाढवलं. तरी पडायचेच. तू बघितलंस तर तुला वाटेल की पाणी बिघडलं, आणि तू पुन्हा हातांची काळजी करत बसशील. तू आधीच एवढी काळजी करतेस." ते थांबले. "म्हणून सुट्टीच्या दिवशी तू उठायच्या आधी व्हिनेगर लावून सगळे घासून काढायचो. किटलीसुद्धा."

"आणि पाय?"

"पायांना काय झालंय?"

ताईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. वायसरला वाटलं मामी हसते आहे, म्हणून त्याने आशेने वर पाहिलं. पण ताईंनी सकाळीच चढवलेले हातमोजे ओढायला सुरुवात केली होती. डावा सहज निघाला. उजवा चिरांना चिकटला होता, तो त्यांनी तसाच ओढला. मग दोन्ही हात त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर धरले.

"बघा," त्या ओरडल्या. ताईंचं ओरडणं त्या घराने ऐकलं नव्हतं. "हे बघा तुमचं घासलेलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम बंद करा. तीन महिने झाले. मी त्यांना सांगितलं, पाणी तर आमचं एकदम मऊ, आमचे हे बघतात ना! काल मास्तरीणबाईंचा कान कापला असता मी! पार्लर बंद करायला निघाले होते मी, आणि तुम्ही डाग घासत बसलात? एक डाग राहू दिला असता तर! एक!"

भाऊजींनी ते हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांतली लाल सालं, पेरांवरच्या उभ्या चिरा, अंगठ्यावरचं ताजं रक्त. त्यांचा चेहरा असा पडला की ताईंना तेवढ्यात त्यांच्या हृदयाचीसुद्धा काळजी वाटून गेली.

"एवढं झालं," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांनाही राग आला. "एवढं झालं आणि तू मोजे घालून फिरलीस? माझ्यासमोर बसून रोज जेवलीस? एकदा दाखवले असतेस तर मी त्याच दिवशी मशिन उघडलं नसतं का? मी कुणासाठी ओढत होतो त्या गोण्या?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं!"

"मग आता काय वाटतंय?"

 दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. न्हाणीघर इतकं लहान की त्यात तीन माणसं, एक रिकामी टाकी आणि एवढं सगळं मावत नव्हतं. वायसर सरकत सरकत नव्या मशिनमागे गेला होता. शेवटी त्यालाच राहवेना.

"मामी," त्याने विचारलं, "मग हे नवीन... बसवू की नको?"

ताईंनी नाक पुसलं, मनगटाच्या मागच्या बाजूने. हातांनी पुसायची सोय नव्हती. नवऱ्याकडे पाहिलं नाही. "बसव," त्या म्हणाल्या. "पण आजपासून या घरातला एकही नळ कुणी घासायचा नाही. डाग पडला तर पडलेला दिसू दे."

"आणि मोजे?" भाऊजी म्हणाले.

"मोजे पार्लरमध्ये. घरात नाही."

सगळं लगेच गोड झालं असं कुणी समजू नये. त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या वेळी जेवले. भाऊजींनी दुपारभर ते मूठभर दाणे एका वाटीत घेऊन बोटाने इकडून तिकडे केले आणि मग केरात टाकले. डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या खेपेला दोघं बरोबर गेले. ताईंनी मान खाली घालून, आपण मागे सांगितलं ते चूक होतं, असं सांगितलं. बाईंनी आधी थोडं सुनावलं आणि मग म्हणाल्या, "पाणी हे एक कारण असू शकतं. एकच असेल असं मी म्हणणार नाही. काम निम्म्यावर आणा, केस धुण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि पुढच्या महिन्यात या. मग ठरवू बंद करायचं की नाही."

म्हणजे टांगणी सुटली नव्हती, फक्त दोर जरा लांब झाला होता. पार्लर सकाळपुरतं उघडायला लागलं. गिऱ्हाइकांचे केस आता भाऊजी धुऊन देत. आजीबाईंना त्याची फार मजा वाटे, आणि भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं होई, पण ते धूत. 'मऊ मी करतो' हे वाक्य मात्र त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. नव्या पाण्याने शाम्पूला इतका फेस यायचा की ते घाबरून नळ पूर्ण सोडून देत. ताईंचा डावा हात सुधारला. उजव्याच्या दोन चिरा मिटल्या. ताई रोज सकाळी उठल्या उठल्या खिडकीपाशी जाऊन बोटं मोकळी करून बघत, आणि बघायच्या आधी डोळे मिटून घेत.

पुढच्या भेटीला आठवडा राहिला असताना एका सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि उजव्या अंगठ्यावर, जिथे कातडं नुकतंच गुलाबी झालं होतं, तिथे एक नवी चीर दिसली. बारीक होती, पण होती.  हात आपोआप झग्याच्या खिशात गेला, आणि ताई तशाच स्वयंपाकघरापर्यंत चालत गेल्या. भाऊजी पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते. 'काय म्हणतात हात?' असं ते रोज विचारत, तसंच त्यांनी मागे न बघता विचारलं. 'बरे आहेत' हे शब्द ताईंच्या तोंडात तयार होते.

त्यांनी हात खिशातून काढला आणि ओट्यावर, उजेडात ठेवला.

"अहो, चष्मा लावा," त्या म्हणाल्या. "नवीन चीर पडली आहे. आणि मला फार भीती वाटते आहे."

भाऊजींनी गाळणं खाली ठेवलं आणि घाईघाईने चष्मा शोधायला लागले. टेबलावर, खिडकीत, मिठाच्या डब्यामागे. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. ताईंनी तो आपल्या त्याच हाताने खाली ओढून त्यांच्या नाकावर बसवला.